न थिजलेली बाटली

१

सोमवारी सकाळी साडेनऊला संपदा मॅडमचा फोन आला तेव्हा माझे हात पिठाने माखलेले होते. समोर इंदूरचं एक कुटुंब अस्थी घेऊन बसलं होतं. मी करंगळीने फोन उचलला.

"गुरुजी, औषध चोरीला गेलं," त्या म्हणाल्या. "हातातलं काम उरकून लगेच या."

माझं नाव दिवाकर. पंचवटीत आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंचं उपाध्यायपण आहे. शिवाय म्हसरूळच्या पुढे रक्तविकारांवर संशोधन करणारी एक संस्था आहे, तिच्या नैतिकता समितीत मी बसतो. हसू नका, मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. पण नियमच आहे की अशा समितीत एक तरी माणूस विज्ञानाच्या बाहेरचा हवा. याला समजलं तर कुणालाही समजेल, असा अडाणी. तो मान माझ्याकडे आला. रक्त देणाऱ्यांची संमतीपत्रं वाचायची, न समजलेलं विचारायचं आणि चहा प्यायचा, एवढंच काम.

संपदा मॅडमनी माझ्याकडे हे प्रकरण सोपवण्याचं आणखी एक कारण असावं. मी चटकन हलत नाही. दोन वर्षांपूर्वी माझी बायको लतिका गेली. तिचं सगळं मी स्वतः केलं, मंत्रात एक अक्षर चुकलं नाही आणि डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तेव्हापासून आत काही हलतच नाही. जेवतो, झोपतो, लोकांचे विधी करतो. लोक याला धीर म्हणतात. म्हणोत बापडे.

मी पोचलो तेव्हा प्रयोगशाळेत डॉक्टर वल्लरी स्वेटर घालून उभ्या होत्या. त्या रसायनशास्त्रज्ञ. ज्या औषधाची चोरी झाली होती ते त्यांनीच तीन वर्षं खपून बनवलेलं. त्यांच्या हातात तपकिरी काचेची एक बाटली होती. त्यांनी ती माझ्या कानाजवळ हलवली. आत डुचमळल्याचा आवाज आला.

"ऐकलंत?"

"ऐकलं. बाटलीत औषध आहे की."

"औषध असतं तर आवाज आला नसता," त्या म्हणाल्या. "आम्ही ते ज्या द्रवात विरघळवतो तो अठरा अंशांच्या खाली गोठतो. तुमचं खोबरेल तेल थिजतं ना थंडीत, तसा. आज या खोलीत किती आहे बघा."

भिंतीवरच्या थर्मामीटरवर बारा होते. निफाडकडे तर त्या आठवड्यात द्राक्षबागांतून शेकोट्या पेटत होत्या.

"कुरियरवाला न्यायला आला, मी बाटली उचलली आणि हाताला कळलं. तपासलं. नळाचं पाणी आहे."

ते औषध नेमकं काय करतं, हे मला त्यांनीच कधीतरी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. आपण आईच्या पोटात असतो तेव्हा आपल्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, बाळाचं. जन्मानंतर साधारण सहा महिन्यांत त्याचा जीन बंद पडतो आणि मोठ्यांचं सुरू होतं. ज्यांना सिकलसेल आहे त्यांचं हे मोठ्यांचं हिमोग्लोबिन बिघडलेलं असतं. त्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि हाडं फुटल्यागत दुखतात. बाळाचा जीन बंद ठेवणारं एक प्रथिन असतं. जस्ताच्या अणूंभोवती वळलेली त्याची बोटं डीएनए धरून बसतात. वल्लरींच्या रेणूने ते प्रथिन पेशी स्वतःच मोडून टाकते. बोटं सुटली की जीन पुन्हा चालू, आणि माणसाला बाळपणीचं निरोगी रक्त परत मिळतं. निदान कागदावर तरी असं होतं.

सुरगाणा आणि पेठकडच्या पाड्यांवर हा आजार घरोघर आहे. म्हणून रक्त तिथलंच येत होतं.

संपदा मॅडमनी मला त्यांच्या खोलीत नेलं. संस्थेच्या संचालक त्या. "बुधवारी दुपारपर्यंत काही कळलं नाही तर मला पोलिसात जावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि पोलीस पाड्यावर पोचले की एक माणूस आपल्याला रक्त द्यायचा नाही. सगळं काम बंद पडेल. तुम्ही नुसतं विचारा, गुरुजी. लोक तुमच्याशी बोलतात."

"प्रयोगशाळेच्या किल्ल्या किती?"

"तीन. वल्लरी, धवल आणि मनोज."

मनोज म्हणजे पाड्यांवरून रक्ताच्या नळ्या आणणारा आमचा क्षेत्र सहायक. त्याची सख्खी बहीण ज्योत्स्ना सिकलसेलची रुग्ण होती. सबंध संस्थेत औषधाची कुणाला गरज असेल तर ती त्याच्या घरात होती.

२

आधी धवलला गाठलं. तो जीवशास्त्रज्ञ, तिशीचा, मनमाडचा, वडील रेल्वेत. वल्लरींनी बनवलेलं औषध पेशींवर घालून बघायचं हे त्याचं काम.

"शनिवारी दुपारी मीच पॅक केली," तो म्हणाला. "बाटली उलटी धरून बघितली, थेंब हलला नाही. एकदम सॉलिड. झाकणावर पट्टी चिकटवली, कपाटात ठेवली आणि घरी गेलो. आज दहाला आलो तर हा तमाशा."

"कुठे पाठवत होतात?"

"बंगळूरला, दुसऱ्या लॅबकडे तपासायला. आग्रह माझाच होता, गुरुजी. स्पष्ट सांगतो. सप्टेंबरमध्ये ज्योत्स्नाच्या रक्तातून वाढवलेल्या पेशींवर हे औषध घातलं. औषध न घातलेल्या बशीत बाळाचं हिमोग्लोबिन नावापुरतं, घातलेल्या बशीत साठ टक्क्यांच्या वर. चमत्कारच. मी नंतर आणखी अकरा जणांचं रक्त घेतलं. काही नाही. तीन-तीनदा केलं, तरी काही नाही. मॅडम म्हणतात माझा हात चांगला नाही. मी म्हटलं, ठीक आहे, तिसऱ्याने करून बघू दे."

"भांडण झालं?"

"गुरुवारी. जरा आवाज चढला माझा."

वल्लरींना विचारलं तेव्हा त्यांनी भांडण नाकारलं नाही. रविवारी दुपारी तासभर कागद आवरायला आले होते, असं आपण होऊन सांगितलं. कपाट उघडलं नव्हतं म्हणाल्या. मग एकदम म्हणाल्या, "ऑक्टोबरमध्ये मी स्वतः पाड्यावर गेले होते, गुरुजी. औषध सापडलं असं सांगायला. बायकांनी मला नारळ दिला, ओटी भरली. ज्योत्स्नाने माझा हात सोडला नाही."

हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. रडणारी आणि रडू दाबणारी माणसं बघणं हा माझा व्यवसायच आहे, त्यामुळे मी नोंद घेतली आणि उठलो. वाईट वगैरे काही वाटलं नाही.

मनोज मंगळवारी दुपारी फाटकाशी चहाच्या टपरीवर भेटला. सत्तावीस वर्षांचा, सडपातळ, बोलायला बुजरा. चहा हातात घेऊन तो फुंकर मारत होता. मी त्याच्या कामाचं विचारलं.

"सोमवारी पहाटेची गाडी पकडून येतो. बर्फाच्या पेटीत नळ्या असतात. आपल्या नळ्या इथं ठेवतो. दवाखान्यात जन्मल्या बाळांच्या नाळेचं रक्त असतं, तेबी माझ्याकडंच देतात, ते पुढं तपासणी केंद्रात पोचवतो. एक फेरी वाचते त्यांची."

"बहीण कशी आहे?"

"ऑगस्टात बाळंत झाली. पोरगा हाय. ती बरी असती, पन थंडी पडली का सांधे धरतात. मागल्या आठवड्यात चार दिस ओरडत व्हती."

"बाळाच्या तपासणीचं काय आलं?"

"काय आलं नाय. वाईट असतं तर कळवलं असतं ना त्यांनी."

त्याने ग्लास खाली ठेवला. त्याचे हात स्थिर होते. कुणाचे हात कधी थरथरतात आणि कधी नाही, हे मला कळतं. एखादी गोष्ट मनाशी पक्की ठरवून आलेल्या माणसाचे ते हात होते.

"गुरुजी, पोलिसांना बोलवा," तो म्हणाला. "औषध मी घेतलं."

३

मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. मी आणखी दोन चहा सांगितले.

"बहिणीला दिलंस?" एवढंच आधी विचारलं. कारण माणसावर कधीही न वापरलेलं औषध तिच्या पोटात गेलं असतं तर चोरी राहिली बाजूला, जिवाशी खेळ झाला असता.

"नाय, नाय. ठेवलंय लपवून. आणून देतो. आधी माझं नाव लिवा."

"बरं. कसं घेतलंस ते सांग."

"काल पहाटं आलो. साडेपाच वाजले असतील. नळ्या फ्रिजात ठेवल्या. कपाट उघडं असतं. बाटली काढली, माझ्या पाण्याच्या बाटलीत ओतली, त्यात नळाचं पाणी भरलं, पट्टी परत लावली. सहाच्या आत बाहेर."

"ओतताना कसं होतं औषध? रंग, वास?"

"पाण्यावाणी. भडाभडा ओतलं."

"आधी गरम केलंस?"

"गरम कशाला करू?" तो माझ्याकडे बघतच राहिला.

काल पहाटे साडेपाचला नाशिकमध्ये आठ अंश होते. ती बाटली उलटी टांगून ठेवली असती तरी तिच्यातून थेंब निघाला नसता. ते औषध ज्याने कधी हाताळलं आहे त्याला हे ठाऊक असतं. ज्याने नुसतं कपाटातल्या बाटलीकडे आशेने बघितलं आहे, त्याला ते पाण्यासारखंच वाटणार.

"मनोज, तू त्या बाटलीला कधी हात तरी लावलास का रे?"

टपरीवाल्याने चहा आणून ठेवला. मी त्याला औषध थिजतं ते सांगितलं. ऐकता ऐकता त्याची मान खाली गेली.

"खोटं का बोललास? तुरुंगात गेला असतास."

"गेलो असतो. वरीसभर, दोन वरीस." त्याने डोळे पुसले नाहीत, नुसतं नाक ओढलं. "गुरुवारी मी बाहेरच्या खोलीत व्हतो. धवल सर वरडत व्हते, औषधात काय दम नाय म्हनून. मग काल कळलं चोरी झाली. मला बरं वाटलं, गुरुजी. औषध चोरीला गेलं म्हंजे औषध व्हतं. मॅडम परत बनवतील. चोर नाय सापडला आन् उद्या कुनी म्हनलं का औषध नव्हतंच, तर मी ज्योत्स्नाला काय सांगू? ती त्याच्यावरच जगतीय."

घाटावर बायका मला विचारतात, पाण्यात सोडलेलं त्यांना पोचतं ना गुरुजी. मी हो म्हणतो. चाळीस वर्षं म्हणतोय. त्या दिवशी मनोजला मात्र मी हो म्हणालो नाही. घरी जा, आणि पोलिसांचं नाव काढू नकोस, एवढं सांगितलं.

मग मी टपरीच्या बाकावरच बसून राहिलो. शनिवारी दुपारनंतर त्या खोलीतला पारा अठराच्या वर गेला नव्हता. ज्याने बाटली रिकामी केली त्याने ती आधी गरम पाण्यात धरून वितळवली असणार. म्हणजे त्याला थिजण्याचं माहीत होतं. आणि माहीत असूनही त्याने आत पाणी भरलं, जे बारा अंशांना थिजत नाही. शेजारच्याच फळीवर तो मूळ द्रव लिटरच्या बाटल्यांमध्ये भरून ठेवला होता, औषधाशिवायचा. तो भरला असता तर बाटली थिजलेलीच राहिली असती, कुरियर घेऊन गेला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता.

चोराने पाणी भरलं ते चोरी कळावी म्हणूनच.

४

बुधवारी सकाळी मी माझ्याकडची संमतीपत्रांची फाइल काढली. आमच्या घराण्याच्या वह्यांतून यजमानांच्या सहा-सात पिढ्या लिहिलेल्या आहेत. तिथे मूल दगावलं आणि बारसं झालेलं नसलं, तर आईच्या किंवा बापाच्या नावापुढे नुसतं 'मूल' असं लिहितात. अशा वह्या वाचण्यात जन्म गेला, त्यामुळे दोन कागद शेजारी ठेवून ताडून बघायची खोड आहे. ज्योत्स्नाच्या संमतीपत्रावर तारीख होती चौदा ऑगस्ट, आणि नळ्या एक. खाली तिची सही, नीट शाळकरी अक्षरातली. मग संस्थेत जाऊन नळ्यांची नोंदवही मागितली. तिथे रक्त काढल्याची तारीख तीच, पण ज्योत्स्नाच्या नावापुढे नळ्या दोन होत्या.

मी पुष्कळ वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत होतो. संमतीपत्रावर दवाखान्याची नोंद होती, त्याच दिवशी ती बाळंत झाली होती.

अकरा वाजता संपदा मॅडमच्या खोलीत मी वल्लरींना बोलावून घेतलं. दार लावलं.

"मनोजने कबुली दिली होती," मी म्हणालो. "ती खोटी आहे. थिजलेलं औषध त्याने ओतून घेतलं म्हणतो. त्यामुळे तो सुटला. धवलने चोरी करायचं कारण नाही. बाटली तपासली जावी म्हणून तर तो भांडत होता, आणि दोन दिवस तो मनमाडला होता. रविवारी दुपारी इथे तुम्ही एकट्या होतात."

वल्लरी म्हणाल्या, "मी माझंच औषध कशाला चोरीन?"

"चोरण्यासाठी नाहीच. ते तपासलं जाऊ नये म्हणून. नुसता मूळ द्रव भरून पाठवला असता तर बंगळूरहून उत्तर आलं असतं की यात औषधच नाही, आणि लोकांनी बोट तुमच्याकडे दाखवलं असतं. म्हणून पाणी भरलंत, आणि कुरियरवाल्यासमोर बाटली हलवून दाखवलीत. तुम्हाला औषध जायला नको होतं आणि औषध होतं ही समजूतही जायला नको होती."

संपदा मॅडम काहीतरी बोलणार होत्या, मी हाताने थांबवलं.

"ज्योत्स्नाच्या नावाच्या दोन नळ्या आल्या. एक तिची. दुसरी तिच्या बाळाची, नाळेच्या रक्ताची, तपासणी केंद्रात जायची होती ती. बाळाला अजून नाव नव्हतं. नाव नसलेल्या बाळाच्या नळीवर आईचंच नाव घालतात. इथे दोन्ही नळ्या एकाच बाईच्या समजून घेतल्या गेल्या. एका नळीतल्या पेशींवर औषध घातलं, दुसरीतल्या पेशींवर नाही. औषध घातलेली नेमकी बाळाची निघाली. बाळाच्या रक्तात बाळाचं हिमोग्लोबिन सापडलं, याच्यात औषधाचं काय कर्तृत्व?"

वल्लरी खुर्चीवर बसल्या. त्यांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

"धवलला कुठेच जमेना तेव्हा मलाही शंका आली. नोव्हेंबरच्या मध्यावर उरलेल्या पेशींचा डीएनए तपासून घेतला. अर्धा ज्योत्स्नाचा, अर्धा दुसऱ्या कुणाचा. तिचं मूल. मला फक्त सहा महिने हवे होते, गुरुजी. नवा रेणू अर्धा तयार आहे. तो चालला असता. मग कुणाला काही सांगायची गरज पडली नसती. त्या बायकांना जाऊन मी कोणत्या तोंडाने सांगू की नव्हतंच काही?" मग म्हणाल्या, "नळीवरचं अक्षर मनोजचं आहे. त्याला सांगू नका."

संपदा मॅडमनी कपाळाला हात लावला. माझं काम संपलं होतं. अहवाल लिहायचा, सही करायची आणि दुपारच्या जेवणाला घरी जायचं. मी उठलोसुद्धा. आणि उठता उठता मला मनोजचं वाक्य आठवलं, वाईट असतं तर कळवलं असतं ना त्यांनी.

कोण कळवणार होतं? तपासणी केंद्रात ती नळी पोचलीच नव्हती.

"वल्लरी," मी म्हणालो, मॅडम म्हणायचं राहून गेलं, "तुम्ही त्या मुलाचा डीएनए तपासलात. त्यात त्याचा आजार दिसला असेल."

त्यांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या.

"काय होतं त्यात?"

"बापही वाहक आहे," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडून आलंय. त्याला सिकलसेल आहे."

"हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"पाच आठवडे."

दोन वर्षांत पहिल्यांदा मला राग आला. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. संपदा मॅडम नंतर म्हणाल्या की तुम्ही एकच वाक्य तीनदा बोललात, त्या मुलाचं त्याच्या आईला कोण सांगणार होतं, म्हणून.

५

शुक्रवारी सुरगाण्याच्या पलीकडच्या दवाखान्यात बाळाच्या टाचेतून पुन्हा रक्त घेतलं. पहिली तपासणी आमच्या हातून झालेली, तिच्यावर कुणी का विश्वास ठेवावा? शनिवारी सकाळी उत्तर आलं. तेच होतं.

वल्लरींनी राजीनामा दिला होता. संपदा मॅडमनी सगळं लिहून वर कळवलं होतं. वल्लरी मला फोनवर म्हणाल्या, मी येते पाड्यावर, मीच सांगते. मी नको म्हणालो. त्यांची ओटी भरलेल्या बायकांसमोर त्यांचं रडणं आवरायचं की ज्योत्स्नाचं, हा प्रश्न पडला असता.

मी आणि मनोज गेलो. गाडीत मी त्याला सगळं सांगितलं, नळीवरच्या अक्षरासकट. लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि लपवण्याने काय होतं ते आम्ही दोघंही बघून चुकलो होतो. त्याने खिडकीतून बाहेर बघत ऐकून घेतलं.

ज्योत्स्ना ओट्यावर उन्हात बसली होती. वीस वर्षांची असेल, गुडघ्यांवर शाल. नवरा पिंपळगावला द्राक्षाच्या कामावर गेला होता. तिची आई नवसाबाई आत चुलीशी होती. मांडीवर मूल, गुबगुबीत, हसरं. दवाखान्यातल्या नर्सबाई आमच्याबरोबर आल्या होत्या, त्यांच्या पिशवीत पेनिसिलिनच्या गोळ्या होत्या, अशा मुलांना जीवघेणा ताप येऊ नये म्हणून द्यायच्या.

लोकांना वाईट बातमी कशी सांगावी हे मला येतं असं मी समजत होतो. पण माझ्याकडे येणाऱ्यांना बातमी आधीच कळलेली असते. इथे पहिल्यांदा मलाच सांगायचं होतं.

"ज्योत्स्ना, औषध सापडलं म्हणून मॅडम सांगून गेल्या होत्या ना," मी म्हणालो. "ते खरं नव्हतं. चूक झाली होती. त्या औषधाने काही होत नाही."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"मंग माझ्या रक्तात जे दिसलं ते?"

"ते तुझं रक्त नव्हतं. याचं होतं."

मनोज पुढे झाला. "नळी मी आनली, ज्योती. नाव मी लिवलं. तुझ्या नावाच्या दोन झाल्या, आन् मी दोन्ही तिथंच ठेवल्या. याचा रिपोट झालाच नाय." त्याने एवढं एका दमात सांगितलं आणि ओट्याच्या कडेला पाठमोरा बसला.

"मंग याला काय हाय?" ती म्हणाली.

मी सांगितलं. आता मला काही वाटत नाही असं मी म्हणू शकत नाही.

ती रडेल म्हणून मी थांबलो होतो. ती रडली नाही. तिने मुलाचा पंजा हातात घेतला आणि उघडून बघितला, मग दुसरा. त्याने तिचं बोट घट्ट धरलं.

"याला दुखत कसं नाय मंग अजून?"

"अजून त्याच्या अंगात बाळाचं रक्त आहे. सहा महिन्यांपर्यंत साधारण टिकतं. मग हळूहळू संपतं."

"माझं कळलं तवा मी अकरा वर्सांची व्हते," ती म्हणाली. "माझ्या आधी दोन भाऊ गेले. तापात गेले. कशानं ते कुनाला ठावं नव्हतं."

नर्सबाईंनी तिला गोळ्यांची पट्टी दाखवली. रोज दोन वेळा, पाच वर्षांचा होईपर्यंत, एकही दिवस चुकवायचं नाही. लसी सगळ्या द्यायच्या. ताप आला तर घरी थांबायचं नाही, रात्र असो की पाऊस, थेट दवाखाना. लवकर सुरू केलं तर अशी मुलं जगतात, मोठी होतात. नर्सबाईंनी हे दोनदा सांगितलं. ज्योत्स्नाने दुसऱ्यांदा त्यांच्याबरोबर ओठ हलवले.

मग ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, तुमाला तारखा येतात. चौदा आगस्टचा हाय हा. सहा महिन्याला किती दिस राहिले?"

मी बोटांवर मोजलं. डिसेंबरचे चार, जानेवारीचे एकतीस, फेब्रुवारीचे चौदा.

"एकोणपन्नास."

"मंग बसला काय असा, मनोज?" ती म्हणाली. "ऊठ, आत जाऊन दोन चमचे आन. आन् वाटीत पानी आन, उकळून गार केलेलं."

मनोज उठला. चमचे आले. तिने गोळी एका चमच्यात ठेवली, दुसऱ्या चमच्याने दाबून तिची पूड केली, पाणी घातलं आणि मुलाचं नाक हलकेच धरलं. त्याने तोंड वाकडं केलं, थोडं बाहेर काढलं. तिने हनुवटीवरचं बोटाने निपटून पुन्हा त्याच्या तोंडात घातलं.